उबंटू टाकल्यावर 32 जीबीचा पेनड्राइव्ह फक्त 4 एमबी दाखवतोय, पूर्ण जागा परत कशी मिळेल?

तुमचा पेनड्राइव्ह खराब झालेला नाही, टाकून देऊ नका. उबंटूची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) राइट केली की ड्राइव्हवर त्याची स्वतःची पार्टिशन्स, म्हणजे जागेचे वेगळे कप्पे, तयार होतात. त्यातलं छोटं बूट पार्टिशन तेवढं विंडोजला वाचता येतं, म्हणून 4 एमबी दिसतात.

तुम्ही लिहिलंय की तीनदा फॉरमॅट करून पाहिलं. त्याने फरक पडणार नाही. फॉरमॅट म्हणजे एका खोलीची झाडलोट, मधल्या भिंती तशाच राहतात. त्या पाडायला विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे टूल लागतं.

आधी कॉम्प्युटरला बाहेरून लावलेली बाकी सगळी पेनड्राइव्ह, हार्डडिस्क काढून ठेवा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट सुरू करा (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या). 'लिस्ट डिस्क' दिलं की यादी येते. इथे घाई नको. जिच्यापुढे साधारण 29 जीबी लिहिलंय ती तुमची. समजा ती 1 नंबरला आहे, तर 'सिलेक्ट डिस्क 1' द्या, पुन्हा 'लिस्ट डिस्क' करा आणि चांदणीची खूण त्याच ओळीला आहे ना ते बघा. कारण यानंतर द्यायची 'क्लीन' ही कमांड निवडलेली अख्खी डिस्क रिकामी करते आणि "नक्की ना?" असं विचारत नाही, एंटर दाबलं की संपलं. मी एकदा हा आकडा न बघता एंटर दाबलं आणि बॅकअपची अख्खी हार्डडिस्क रिकामी केली. तेव्हापासून आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

'क्लीन' झालं की मग 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', 'फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक' आणि 'असाइन'. झालं. गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावायचा असेल तर एक्सफॅटऐवजी फॅट32 द्या, जुन्या सिस्टिम तेच वाचतात. मात्र फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आता 29 च्या आसपास जीबी दिसतील, तीच पूर्ण जागा. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, म्हणून 32 चे जास्तीत जास्त 29.8 होतात.

'क्लीन' करताना राइट प्रोटेक्टेड असा एरर आला, तर 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' एकदा देऊन बघा. तरीही तोच एरर आला तर बहुधा आतली चिपच थकली आहे, मग नवीन घ्या.