चार ते आठचं काय?

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

ऑस्करच्या दहा सिनेमांची तुझी क्रमवारी वाचली. पहिल्या नंबरावर दोन पानं खर्च केली आहेस, दहाव्याला यथेच्छ धुतलं आहेस (मजा आली, खोटं कशाला बोलू), आणि चार ते आठ मात्र एकेका ओळीत उरकलेस. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

पहिला आणि शेवटचा नंबर आपोआप लागतो. पाचवा सहाव्याच्या वर का, हे सांगताना घाम फुटतो. ऑस्कर देणाऱ्या अकादमीतली मोजणीही इथेच फिरते. २००९च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाला पसंतीक्रमाने मतं देतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, तर तळाचा सिनेमा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यात जातात. कुणीतरी निम्मं ओलांडेपर्यंत हेच चालतं. थोड्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा मागे पडून पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावरचा पुढे जाऊ शकतो तो असा. बाकीच्या विभागांत सरळ ज्याला जास्त मतं, तो. म्हणून २०१९मध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार 'रोमा'ला आणि चित्रपटाचा 'ग्रीन बुक'ला मिळाला, त्यावर तू 'सेटिंग' असं लिहून मोकळं होणं मला पटलं नाही.

आता 'संथ' हा शब्द. तीन सिनेमांना चिकटवला आहेस. म्हणजे नेमकं काय झालं? 'कोर्ट' आठव. २०१५मध्ये आपल्याकडून ऑस्करला पाठवला होता, नामांकन काही मिळालं नाही. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, आणि कॅमेरा तिथेच. पडदा काळा. माझ्या शेजारचे गृहस्थ पिशवी उचलून उठले होते. तेवढ्यात न्यायाधीशांची सहल सुरू झाली आणि ते पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसले. आरोपीचं काय, या विचारात आपण अंधारात बसलेलो, आणि न्यायाधीशांना नुसती सुट्टी लागलेली! याला संथ म्हणशील? म्हण, पण मग त्या अंधाराबद्दल चार ओळी लिही.

माझंही ऐक. तिशीत असताना फिल्म सोसायटीच्या महोत्सवात आठ सिनेमांना नंबर द्यायचे होते. दादरहून शेवटची ठाणा लोकल गाठायची म्हणून एक सिनेमा अर्ध्यात सोडला आणि घरी येऊन त्याला बिनदिक्कत आठवा नंबर दिला. वर शेरा: 'उत्तरार्ध ढिला'. महिन्याभराने तो पूर्ण पाहिला. सगळा सिनेमा उत्तरार्धातच होता! तोवर पत्रक छापून वाटलंही गेलं होतं. ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले हवेत, असा नियम अकादमीने २०२५मध्ये सगळ्याच विभागांना लावला. म्हणजे इतकी वर्षं तो सगळीकडे नव्हता! वाचून मला, काय सांगू, जरा बरंच वाटलं.

चार ते आठ पुन्हा लिही आणि रविवारी सकाळी तलावपाळीवर घेऊन ये. सातवा मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा त्याच्यावर तू बोलायचं, मी ऐकणार.

तुझा,
काका