पैसे एस्क्रोत आहेत खरे, पण चावी कोणाकडे आहे?

तुम्ही विचारलंय की, पुतण्या इंजिनिअरिंगला आहे आणि छातीठोकपणे सांगतो, डार्क वेबवरच्या, म्हणजे साध्या ब्राउझरने न उघडणाऱ्या निनावी साइट्सवरच्या बाजारांत पैसे एस्क्रोमध्ये (तिसऱ्याच्या ताब्यात) असतात, बोलणं सगळं एन्क्रिप्टेड (चावीशिवाय वाचता न येणारं) असतं, त्यामुळे तिथे ना कोणी फसतं ना कोणी सापडतं. यात तथ्य किती?

दोन्ही तंत्रं खरी आहेत, त्यामागचं गणितही भक्कम आहे. तरीही पुतण्याचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. मी सांगलीत कॉलेजात नेटवर्क सिक्युरिटी शिकवते. दरवर्षी वर्गात हा विषय निघतोच आणि दरवर्षी दोन-चार हुशार मुलं नेमकी याच समजुतीत असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एस्क्रो. तुम्हीही सांगलीचेच, म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे सौदे पाहिले असतील. माझ्या माहेरी अडत आहे. शेतकरी पोती अडतीवर उतरवतो, लिलाव होतो, काटा होतो. व्यापारी कुठला, त्याची पत काय, हे शेतकऱ्याला ठाऊक नसतं. त्याची पट्टी अडत्या करतो, पैसे अडत्या देतो आणि व्यापाऱ्याकडून वसुली अडत्याच्या गळ्यात. म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांचा व्यवहार तिसऱ्याच्या भरवशावर होतो. एस्क्रोचं मूळ इथेच आहे. फरक एवढाच की एस्क्रोवाला पदरचे पैसे देत नाही. ग्राहकाने आधी भरलेले पैसे तो अडकवून ठेवतो आणि माल पोचल्याचं कळलं की सोडतो. पण अडत्याचा गाळा जागेवर असतो, बाजार समितीचा परवाना असतो, आणि त्याने पैसे बुडवले तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या यार्डाला कळतं. आपल्याकडे ऑनलाइन पेमेंट गोळा करणाऱ्या कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानदारांचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. निनावी बाजारात तिसरा माणूस म्हणजे नुसतं एक टोपणनाव. त्याने हात वर केले तर जायचं कोणाकडे?

हे नुसतं कल्पनेतलं भय नाही. सिल्क रोड हा डार्क वेबवरचा बाजार 2011 मध्ये सुरू झाला, तिथला एस्क्रो पूर्ण साइटवाल्याच्या हातात होता. ग्राहकाने बिटकॉइन (हे डिजिटल चलन) भरले की ते साइटच्या वॉलेटमध्ये जायचे. ग्राहकाला स्क्रीनवर दिसायचा तो फक्त साइटच्या डेटाबेसमधला एक आकडा. हा आकडा म्हणजे तुमचे पैसे नव्हेत, साइटवाल्याने दिलेला शब्द आहे. तो शब्द किती कच्चा असू शकतो हे सप्टेंबर 2012 मध्ये दिसलं. जेम्स झोंग नावाच्या माणसाने 500 बिटकॉइन भरले आणि पाच सेकंदांच्या आत, एकाच सेकंदात, पाच वेळा 500-500 काढण्याची आज्ञा दिली. पहिली रक्कम वजा होण्याआधीच पुढच्या मंजूर झाल्या, म्हणजे त्याच्या खिशात 2,000 बिटकॉइन फुकट. असं करत करत त्याने सुमारे 50,000 बिटकॉइन उचलले. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फट राहू नये म्हणून माणसं आयुष्य घालवतात. इथे ना ऑडिट, ना तपासणी.

ही झाली बाहेरच्या माणसाची चोरी. मालकाने स्वतःच गाशा गुंडाळायचा प्रकार याहून जास्त घडतो. इव्होल्यूशन नावाच्या बाजाराचे चालक मार्च 2015 मध्ये एस्क्रोतली सुमारे 1.2 कोटी डॉलर किमतीची बिटकॉइन घेऊन गायब झाले. 2019 मध्ये वॉल स्ट्रीट मार्केटच्या चालकांनीही तोच डाव टाकला. ते जर्मनीत पकडले गेले, पण गिऱ्हाइकांचे पैसे गेले ते गेलेच. यामागचं कारण अगदी सरळ आहे. बाजार जितका विश्वासाचा, तितकी एस्क्रोत साचलेली रक्कम मोठी, आणि रक्कम जितकी मोठी, तितका पळून जाण्यात फायदा. दलालीतून वर्षानुवर्षं जे मिळायचं ते एका रात्रीत मिळतं. त्यामुळे ‘हा बाजार जुना आहे, चांगला चालतो’ हा पुतण्याचा युक्तिवाद असेल, तर तो उलटा त्याच्याच विरुद्ध जातो.

यावर एक खरोखर सुंदर तांत्रिक तोड आहे, ती मुद्दाम सांगते, कारण पुतण्या बहुधा हिच्याबद्दलच बोलत असणार. तिला मल्टिसिग म्हणतात. बिटकॉइनमध्ये पैसे अशा पत्त्यावर ठेवता येतात की ते हलवायला तीनपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या लागतात. ग्राहक, विक्रेता आणि पंच अशा तिघांच्या तीन चाव्या, म्हणजे सही करायला लागणारे गुप्त आकडे. माल नीट पोचला तर ग्राहक आणि विक्रेता सह्या करतात, पंचाची गरजच पडत नाही. भांडण झालं तर पंच ज्याची बाजू खरी मानेल त्याच्याबरोबर सही करतो. पंचाला एकट्याला पैसे उचलता येत नाहीत, विक्रेत्याला एकट्याला येत नाहीत, आणि ग्राहकालाही परत खेचता येत नाहीत. मला स्वतःला ही रचना फार आवडते. विश्वास पूर्ण काढून टाकता येत नाही, पण तो किती आणि कोणावर टाकायचा हे गणिताने बांधता येतं, याचा हा उत्तम नमुना आहे.

पण तिच्यातही दोन छिद्रं आहेत. पंच आणि विक्रेता एकच माणूस असेल तर दोन चाव्या एकाच खिशात. टोपणनावांच्या दुनियेत हे तुम्ही ओळखणार कसं? दुसरं त्याहून साधं: हे वापरायला कटकटीचं आहे. स्वतःची चावी स्वतः तयार करायची, जपायची, सही कशी करतात ते शिकायचं. घाईत असलेला ग्राहक साइटवर येणारं ‘आम्हीच चाव्या सांभाळतो’ हे बटण दाबतो आणि गाडी पुन्हा सिल्क रोडच्या स्टेशनवर. शिवाय बरेच विक्रेते ‘एस्क्रो नको, पैसे आधीच मोकळे करा’ असा आग्रह धरतात. तो धरला की उरलेला आधारही संपला.

आता एन्क्रिप्शन. इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते, ती आधी सोडवू. टॉर नेटवर्क तुम्ही कुठून जोडलेले आहात हे लपवतं: तुमचा ट्रॅफिक तीन संगणकांतून फिरवून नेतं आणि त्यातल्या कुठल्याही एकाला दोन्ही टोकं दिसू देत नाही. ही कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. टॉर वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, पत्रकारही वापरतात. पीजीपी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर मजकूर लपवतं. ते फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये लोकांसाठी खुलं केलं. आणि बिटकॉइन? ते जवळजवळ काहीच लपवत नाही, त्याकडे शेवटी येते.

पीजीपी मी वर्गात करूनच दाखवते. एका मुलीला चाव्यांची जोडी तयार करायला लावते. पब्लिक की ती सगळ्या वर्गाला वाटते, प्रायव्हेट की तिच्या लॅपटॉपबाहेर जात नाही. मग मागच्या बाकावरचा कोणी तिच्या पब्लिक कीने एक ओळ एन्क्रिप्ट करतो. प्रोजेक्टरवर दिसतो तो अक्षरं आणि आकड्यांचा निरर्थक ढिगारा. मग मी त्याला, म्हणजे लिहिणाऱ्यालाच, सांगते, आता उलगडून दाखव. त्याला जमत नाही. मजकूर त्याचाच, पण एकदा एन्क्रिप्ट झाल्यावर उघडणारी चावी फक्त तिच्याकडे आहे. या क्षणी वर्ग शांत होतो, आणि एन्क्रिप्शन म्हणजे काय हे दहा स्लाइडनी जे कळत नाही ते कळतं.

यानंतर मी विचारते: समजा हे काम तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर केलं नाही. साइटवर एक चौकोन आहे, त्यात साधा मजकूर टाकायचा आणि ‘एन्क्रिप्ट’ वर टिचकी मारायची. मजकूर साइटला दिसला की नाही? दिसलाच. एन्क्रिप्शन त्यानंतरचं.

नेमकं हेच 2017 मध्ये घडलं. हान्सा नावाचा बाजार डच पोलिसांनी 20 जूनला गुपचूप ताब्यात घेतला आणि बंद न करता महिनाभर स्वतः चालवला. पासवर्ड साध्या रूपात नोंदले जातील अशी सोय केली, आणि साइटच्या आपोआप एन्क्रिप्ट करणाऱ्या सुविधेत असा बदल केला की मजकूर एन्क्रिप्ट होण्याआधी त्याची प्रत पोलिसांकडे राहील. जुलैच्या सुरुवातीला अल्फाबे हा सगळ्यात मोठा बाजार बंद पडला आणि तिथली गिऱ्हाइकं धावत हान्सावर आली, थेट पोलिसांच्या दारात. 20 जुलैला पडदा उघडला तोवर हजारो लोकांचे घरचे पत्ते हाती लागले होते. पीजीपी कोणीही फोडलं नाही, फोडायची गरजच पडली नाही. अल्फाबेचा चालक तर त्याहून साध्या कारणाने सापडला: साइटच्या सुरुवातीच्या काळातल्या स्वागताच्या ईमेलमध्ये त्याचा खाजगी ईमेल पत्ता गेला होता.

एस्क्रो आणि एन्क्रिप्शन, दोन्हींवरचा आंधळा विश्वास एकदम कोसळलेला पाहायचा असेल तर इनकॉग्निटो मार्केटचं प्रकरण पुतण्याला वाचायला द्या. मार्च 2024 मध्ये चालकाने आधी साइटवर जमा असलेले पैसे अडवले. मग गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना धमकी दिली: तुमचे संदेश आणि व्यवहार माझ्याकडे आहेत, 100 ते 20,000 डॉलर द्या, नाहीतर सगळं जाहीर करतो. ठरावीक मुदतीनंतर आपले संदेश पुसले जातात असं लोक समजत होते. ते पुसले गेलेच नव्हते. साइटच्याच एन्क्रिप्शनवर विसंबलेले सगळे उघडे पडले. चालकाला मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली.

आणि स्वतः नीट एन्क्रिप्ट केलं तरी पत्ता विक्रेत्याला उलगडावाच लागतो, नाहीतर पार्सल कुठे पाठवणार? तो उलगडला की त्याच्या संगणकावर आहे. उद्या तो पकडला गेला तर पत्ता तपास यंत्रणेच्या टेबलावर. पार्सल एन्क्रिप्ट होत नाही, ते कुरिअरवाला दारात आणून देतो आणि त्यावर नाव लागतं. मागवलेली वस्तू अमली पदार्थ असेल तर 1985 चा एनडीपीएस कायदा लागू होतो, आणि तिथे ‘मी फक्त ट्राय करत होतो’ हे उत्तर चालत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलाचं करिअर तिथेच अडकतं, म्हणून मी हे एवढं पोटतिडकीने लिहितेय.

बिटकॉइनचं राहिलं होतं. प्रत्येक व्यवहार कायमचा जाहीर खातेवहीत नोंदला जातो. नाव नसतं, पण रकमेचा माग कोणालाही काढता येतो. भारतात रुपये देऊन बिटकॉइन घ्यायला एक्स्चेंजवर केवायसी लागतं. मार्च 2023 पासून या एक्स्चेंजना मनी लॉन्डरिंगविरोधी कायदाही लागू आहे. म्हणजे साखळीचं एक टोक तुमच्या पॅन कार्डाला बांधलेलं. वर ज्या झोंगबद्दल लिहिलं, त्याने नऊ वर्षं ते बिटकॉइन जवळ ठेवले. नोव्हेंबर 2021 मध्ये तपासणाऱ्यांनी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा चाव्या असलेली उपकरणं सापडली ती जमिनीखालच्या तिजोरीत आणि बाथरूममधल्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यात. त्याला तिथवर शोधून काढलं ते खातेवहीतल्या नोंदींनीच.

पुतण्याला रागावू नका, त्याची उत्सुकता अस्सल आहे. त्याला सांगा, स्वतःच्या लॅपटॉपवर जीएनयूपीजी (पीजीपीचंच मोफत रूप) टाक, मित्राबरोबर चाव्या बदल, एकमेकांना एन्क्रिप्टेड पत्रं लिही. बिटकॉइनचं टेस्टनेट, म्हणजे सरावासाठीचं नेटवर्क, असतं, त्यातल्या नाण्यांना किंमत नसते. तिथे तिघा मित्रांनी मिळून तीनपैकी दोन सह्यांचा पत्ता बनवावा आणि एकाने मुद्दाम सही करायला नकार द्यावा, म्हणजे पंचाची खरी गरज कळेल. आमच्याकडे मुलं यावर मिनी प्रोजेक्ट करतात, विषय परीक्षेलाही आहे आणि मुलाखतीतही विचारतात. आणि त्याने किंवा त्याच्या ओळखीच्या कोणी अशा साइटवर आधीच पैसे अडकवले असतील, तर ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्या टेलिग्रामवरच्या कोणालाही आणखी पैसे देऊ नका. कोणी धमकी देत असेल तर आधी वकिलाशी बोला, आणि 1930 वर फोन करून सायबर तक्रार नोंदवा.