वाळूची गाडी रात्री का येते?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बांधकाम कंपनीत साइट मिळाली नाही, पर्चेसला म्हणजे खरेदीच्या टेबलावर बसवलं, म्हणून तू हिरमुसलीस. हिरमुसू नकोस. इमारत नदीला किती महाग पडणार, ते बहुतेक वेळा त्याच टेबलावर ठरतं.

कंपनीच्या अहवालात 'शाश्वत पुरवठा साखळी' वगैरे असेलच. ते असू दे. तू वाळूच्या गाडीबरोबर आलेली वाहतुकीची पावती बघ. घाट (नदीतली वाळू उपसायची जागा), गाडीचा नंबर, ब्रास (वाळूचं माप) हे सगळे बघतात. तू आधी वेळ बघ. १०० किलोमीटरवरच्या घाटातून निघालेला हायवा, म्हणजे वाळूचा ट्रक, २० मिनिटांत गेटवर येत नाही. आला, तर वाळू त्या घाटाची नाही.

मला हे उशिरा कळलं. एकदा स्लॅबची तारीख ठरलेली आणि वाळू संपलेली. पुरवठादाराला फोनवर म्हणालो, "कुठूनही आण, पण सकाळी सहाला पाहिजे." त्यानं आणली, रात्री दोनला, तीन गाड्या. महिनाभरानं त्याच्याबरोबर नदीवर गेलो. पात्रात पुरुषभर खड्डे. काठावरच्या शेतकऱ्यानं विहीर दाखवली. मोटारीच्या पाइपाला त्यानं आणखी दोन तुकडे जोडले होते. वाळूच पाणी धरून ठेवते, पात्र खोल गेलं की काठच्या विहिरीही खाली जातात. तो मला काहीच बोलला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं ५ हेक्टरपेक्षा लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. तेव्हापासून कागद वाढले, पण माझ्यासारख्याचा तो फोन कुठल्याच कागदावर येत नाही. म्हणून मागणी १५ दिवस आधी दे. आणि बाजारापेक्षा फारच स्वस्त ब्रास मिळाली, तर खूश होण्याआधी कारण विचार.

शक्य तिथे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घे. गवंडी कुरकुरेल, गिलाव्याला खरखरीत लागते म्हणेल, आणि त्याचं खरं आहे. प्लास्टरसाठी बारीक क्रश सँड वेगळी मागव. नदीची वाळू आलीच तर काचेच्या बरणीत मिठाच्या पाण्यात हलवून तीन तास ठेव. वर गाळाचा थर जाडीनं ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर गाडी परत. क्रश सँडला मात्र बरणी लावू नकोस. तिच्यातली भुकटी दगडाचीच असते. वाळू-खडीचं भारतीय मानक ३८३ ती वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, नदीच्या वाळूत वजनाच्या ३ टक्केच.

विटांचं सोपं आहे. नाशिकला एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख जवळच आहे, राखेच्या विटा घे, शेतातली माती वाचेल.

क्रश सँड म्हणजे पुण्य, असंही समजू नकोस. तिच्यासाठी डोंगर फुटतो. सोमवारी क्रशरवर जाशील तेव्हा वाळू धुतलेलं पाणी कुठे सोडतात ते बघ, आणि शेजारच्या शेतातल्या पिकाच्या पानावरून बोट फिरव. बोटाला काय लागलं, ते रात्री फोनवर सांग.

तुझा,
काका