विषय बदलू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक शुभाशीर्वाद.

मुलगी असल्यामुळे अमेरिकेतील नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे पदवीपर्यंत विज्ञान-कला असे अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजांत, प्रवेशाची संधी कमी होते का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण त्यापुढे तू जो बेत लिहिला आहेस, म्हणजे अर्जात भूशास्त्राऐवजी संगणकशास्त्र लिहायचे आणि महिला कॉलेजे यादीतून काढून टाकायची, तो वाचून मला राहवले नाही.

आधी प्रश्नाचे उत्तर देते. फरक पडतो, आणि तो कायद्याच्या चौकटीत राहून पडतो. 1972 च्या टायटल नाइन या कायद्याने शिक्षणातील लिंगभेदाला बंदी घातली, मात्र खासगी कॉलेजांचे पदवी अभ्यासक्रमाचे प्रवेश त्यातून वगळले. या कॉलेजांकडे मुलींचे अर्ज जास्त येतात, आणि वर्गात मुलगे-मुली साधारण सारख्या संख्येने असावेत अशी कॉलेजची इच्छा असते. समज, 6,000 मुलींनी आणि 3,000 मुलग्यांनी अर्ज केले आणि प्रत्येकी 600 जणांना प्रवेश देऊ केला, तर मुलींचा दर 10 टक्के होतो आणि मुलग्यांचा 20. व्हॅसर हे मूळचे महिला कॉलेज 1969 मध्ये मुलग्यांना खुले झाले. तेथे अनेक वर्षे मुलग्यांचा दर उघडपणे वरचढ राहिला आहे. केनयन कॉलेजच्या प्रवेशप्रमुख जेनिफर डेलहन्टी ब्रिट्झ यांनी 2006 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये ही गोष्ट जाहीरपणे मांडली. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने 2009 मध्ये या प्रकाराची चौकशी सुरू केली आणि 2011 मध्ये ती गुंडाळली.

हार्वी मड कॉलेजात याच्या उलट घडते, कारण विज्ञान-अभियांत्रिकीला वाहिलेल्या त्या कॉलेजाकडे मुलींचे अर्ज कमी येतात. तुझ्या बेताचे मूळ इथे आहे, हे मी ओळखले. पण तो लाभ त्या कॉलेजातल्या अर्जांच्या प्रमाणातून येतो. इतरत्र अर्जात संगणकशास्त्र लिहिल्याने तो तुझ्यामागे चालत येणार नाही. बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत प्रवेश एखाद्या विषयाला नव्हे, तर पूर्ण कॉलेजात मिळतो आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो. मग विषय बदलून तू मिळवणार काय? विषय बदलू नकोस.

तू पाठवलेली वहीची पाने माझ्यासमोर आहेत. अक्षय्य तृतीयेपासून दर आठवड्याला दोराला गाठी मारून मोजलेली विहिरीतील पाण्याची पातळी त्यात आहे, आणि काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, त्याच्या वरच्या अंगाने पाणी पाझरते हे तुझे निरीक्षणही आहे. हे सोडून तू कोणते संगणकशास्त्र दाखवणार आहेस? सुट्टीत केलेला एखादा कोर्स? असे अर्ज मी ढिगाने वाचले आहेत. वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळते की हे सल्ल्यावरून लिहिलेले आहे.

मी अशाच एका कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात अर्ज वाचत असे. एका मुलीच्या अर्जासाठी मी समितीत भांडले. तिच्याइतक्याच गुणांच्या मुलाला जागा मिळाली आणि तिला प्रतीक्षा यादीत ठेवले गेले. मला हट्टी म्हटले गेले, मी एका अर्जात गुंतले असेही म्हटले गेले. मी गुंतले होतेच, आणि आजही तसेच भांडेन. ती मुलगी नंतर कुठे शिकली हे मला कधी कळले नाही, याची खंत मात्र गेलेली नाही. तिनेही आपला विषय बदलला नव्हता, आणि तिचे ते बरोबर होते. पक्षपात त्या खोलीत झाला, तिच्या अर्जात काही उणे नव्हते.

महिला कॉलेजांबद्दल तुझा जो आकस दिसतो, तो मला अजिबात पटत नाही. भूशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स बॅस्कम यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मुलग्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून पडद्यामागे बसून शिकावे लागले. 1893 मध्ये भूशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी ब्रिन मॉर या महिला कॉलेजात भूशास्त्राचा विभाग उभा केला, आणि त्या विभागातून स्त्री भूशास्त्रज्ञांची पिढी घडली. तेथील विद्यार्थिनी शेजारच्या हॅवरफर्ड कॉलेजातही वर्ग घेऊ शकतात. प्रवेशात मुलगा-मुलगी असा प्रश्नच जेथे उभा राहत नाही आणि जेथे तुझाच विषय जोमाने शिकवला जातो, ते नाव तू खोडतेस कशाला?

राहिली गोष्ट पैशाची, जिचा तू ओझरता उल्लेख केला आहेस. तुझ्यासाठी ती या सगळ्यापेक्षा मोठी आहे. आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज बहुतेक कॉलेजे मदतीची रक्कम लक्षात घेऊनच वाचतात. ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच कॉलेजे ती बाजूला ठेवतात. तेव्हा वडिलांबरोबर बसून घरच्या उत्पन्नाचे कागद आधी गोळा कर, प्रत्येक कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना किती मदत देते हे यादीत नावासमोर लिही, आणि ब्रिन मॉरचे नाव परत घातलेली ती यादी मला पाठव. विषयाच्या रकान्यात भूशास्त्रच असू दे.