आधी धुऱ्यावर जाऊन ये

बाबू,

अनेक आशीर्वाद. डिस्चार्ज बुक घेऊन तू गावात आलास, शाळेपुढे सत्कार झाला आणि आठच दिवसांत जिल्हा परिषद लढवायचं म्हणू लागलास, असं तुझी आई सांगत होती. मला मनापासून आनंद झाला. फौजेत असताना राजकारणाला मनाई असते. सतरा वर्षं तू ती पाळलीस. पण जिल्हा परिषदेला पक्षाचं चिन्ह येतं, त्यासोबत पक्षातली भांडणंही येतात. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. तिथून सुरुवात कर.

माझी चूक सांगतो. मी सरपंच झालो तेव्हा पेन्शनीत येऊन दोनच वर्षं झाली होती. नाल्याकडच्या पांदणीत गुडघाभर चिखल, बैलगाडी फसायची, कापूस डोक्यावरून आणावा लागायचा. मी मोजणी करून घेतली, ठराव घेतला आणि एका सकाळी जेसीबी लावला. अतिक्रमण होतंच, कागद माझ्या बाजूने होता. पण एका विधवा बाईची तूर त्या बांधावर, धुऱ्यावर, शेंगांनी लदली होती. दीड महिना थांबलो असतो तर तिने ती सोंगून घेतली असती. ती एक शब्द बोलली नाही. मोडलेली झाडं जवळ ओढून, धुऱ्यावर बसून हिरव्या शेंगा ओटीत तोडत राहिली. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. बरोबरच झालं.

फौजेत हुकूम सुटला की काम होतं. गावात विचारावं लागतं, तेही माणूस वावरातून आल्यावर, चहा होईपर्यंत ओसरीवर थांबून. दुसऱ्यांदा निवडून आलो तेव्हा मी तेच केलं. बावीस वावरं, बावीस घरं. काहींकडे चार-चारदा गेलो. उरलेली पांदण उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर, एकाही तक्रारीविना झाली.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी वाजपेयी सरकारात रस्ते खात्याचे मंत्री होते, पुढे दोनदा उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. २०१२ मध्ये पक्षाने त्यांचंच नाव पुढे करून निवडणूक लढवली, आणि कोटद्वारमध्ये ते स्वतःच हरले. कॅप्टन अमरिंदर सिंग फौज सोडून आलेले, १९६५ चं युद्ध पेटताच परत गेले. १९८४ मध्ये सुवर्ण मंदिरातल्या कारवाईच्या निषेधार्थ त्यांनी खासदारकीही सोडली, काँग्रेस पक्षही. त्यांचं पुढचं सगळंच मला पटलं असं नाही, पण ते सोडणं मी विसरलेलो नाही.

मेडलचा फोटो बॅनरवर लावू नकोस. तो मान सगळ्या गावाचा आहे. एका गटाच्या बॅनरवर गेला की निम्म्या गावाला तो परका होतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा. भाषण करू नकोस, मागे सतरंजीवर बस. कोण बोलतं आणि कोण बोलायला उठून पुन्हा बसतं, ते बघ. मग ग्रामसेवकाकडे नमुना ५ ची रोकड वही बघायला माग. जे कळणार नाही ते लिहून माझ्याकडे आण. सोमवारी बाजार असतो, बाकी दिवस मी घरीच आहे.

तुझा,
सुभेदार काका