रात्री अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते. शतावरी घ्यावी, अश्वगंधा की अशोकारिष्ट?

तुम्ही लिहिलंय की वय ४७, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, रात्री वाफा येऊन घाम फुटतो, आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. घरात तीन जणींनी तीन औषधं सुचवली आहेत. त्या तिन्हींची कामं वेगवेगळी आहेत. पण त्याआधी गोळीचं बघू.

थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी घाम, धडधड, चिडचिड आणि झोप न लागणं हेच सगळं होतं. तेव्हा आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. ते खाली गेलं असेल तर डॉक्टर डोस कमी करतील आणि बाकी काही घेण्याची वेळ कदाचित येणारही नाही. घामासोबत ताप किंवा वजन घटणं असेल तर ते पाळी जाण्याचं लक्षण समजून अंगावर काढू नका.

टीएसएच ठीक आलं तर दोन आठवडे नुसती नोंद ठेवा: दिवसात किती वाफा आल्या, रात्री किती वेळा जाग आली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. चाचण्यांमध्ये औषध नसलेली गोळी घेणाऱ्या बायकांच्याही वाफा बऱ्याच कमी होतात, त्यामुळे ‘बरं वाटतंय’ एवढ्यावरून औषध लागू पडलं की नाही ते कळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने (पाळी जाण्याच्या काळावर काम करणारी तज्ज्ञांची संस्था) २०२३ मध्ये वाफांसाठी सोया आणि वनौषधींची शिफारस केलेली नाही, कारण निकालांचा मेळ बसत नाही. तरी करून बघायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट, आठ ते बारा आठवडे. तिन्ही एकदम सुरू केलीत तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, दोन्ही समजणार नाही.

मी सोयाबीनपासून सुरुवात करायला सांगेन. त्यातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखं पण फार सौम्य काम करतात. रोज ३० ग्रॅम कोरडे दाणे घेतले तर साधारण ४० मिलिग्रॅम मिळतात. दाणे रात्रभर भिजवा, पाणी फेका, मऊ होईपर्यंत कुकरला शिजवा आणि उसळीत घाला. कच्चे दळू नका, पोट फुगतं आणि प्रथिनं नीट पचत नाहीत. गव्हात किलोमागे १०० ग्रॅम सोयाबीन घालून दळणारी घरं पुष्कळ आहेत, पण तीन-चार पोळ्यांतून जेमतेम १० ग्रॅम पोटात जातं. सोयाबीन तेलात तर आयसोफ्लेवोन जवळजवळ नसतातच. सोया आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. गोळी पहाटे आणि उसळ दुपारच्या जेवणात, म्हणजे प्रश्न मिटला.

शतावरी हा दुसरा पर्याय. वाफांवर तिचा पुरावा तोकडा आहे, पण कोरडेपणा आणि थकव्यासाठी वैद्य ती देतात. मुळांचं चूर्ण ३ ग्रॅम, म्हणजे लहान सपाट चमचा, एक कप दूध आणि एक कप पाण्यात घालून मंद आचेवर कपभर उरेपर्यंत उकळा. ढवळत राहा, चूर्ण तळाला बसून करपतं. गाळून रात्री घ्या. सकाळी नको, कारण दुधातलं कॅल्शियमही गोळीच्या आड येतं. बाजारातला शतावरी कल्प हा बहुतांशी साखर असतो, मधुमेह असेल तर तो नकोच.

अश्वगंधेने काहींची झोप सुधारते हे खरं. पण ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, आणि तुमची गोळी चालूच आहे. म्हणून तुमच्यासाठी तरी मी नाही म्हणेन. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत: डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज.

अशोकारिष्ट वाफांसाठी नाहीच, ते अंगावरून जास्त जाण्यासाठी देतात. आंबवलेलं असल्याने त्यात अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलने काहींच्या वाफा वाढतात. सोसायटीच्या कुंपणालगत उभा असतो तो सरळसोट खोटा अशोक, त्याची साल कामाची नाही. औषधाचा तो नारिंगी फुलांचा सीतेचा अशोक. तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, किंवा सलग १२ महिने पाळी बंद राहून पुन्हा एक डाग जरी दिसला तरी अरिष्टाची बाटली बाजूला ठेवा आणि सोनोग्राफी करा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बहुधा अशाच रक्तस्रावाने कळतो, आणि लवकर कळला तर उपचार चांगला होतो.

जवसाची चटणी खुशाल खा, पोट साफ राहतं. वाफांवर मात्र चाचणीत जवस फिका पडलाय. ‘स्त्रियांचं टॉनिक’ घेताना लेबलवर ज्येष्ठमध आहे का बघा. रोज घेतल्यास त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा टॅमॉक्सिफेन (त्याच कॅन्सरवरची गोळी) चालू असेल तर सोयाच्या गोळ्या आणि शतावरी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. बारा आठवड्यांत नोंदवहीतले आकडे हलले नाहीत तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी हार्मोनच्या उपचारांबद्दल बोला. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, दुसरी अडचण नसेल, तर वाफांवर त्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत.