जलपर्णी उपसण्याआधी नाल्याकाठाने वर चालून बघा

ताई, तुम्ही विचारलंत की इंदूरच्या धार रोडकडच्या तुमच्या तळ्यातली जलपर्णी दरवर्षी वर्गणी काढून उपसता, तरी दिवाळीपर्यंत तळं पुन्हा झाकून जातं. तर यंदा बॅक्टेरियाचं कल्चर, म्हणजे पाण्यातली घाण खाणारे जिवाणू, सोडावं का? माझं ऐकाल तर ते पैसे तूर्त राखून ठेवा. जलपर्णी पोसली जाते नायट्रोजन-फॉस्फरसवर, आणि ते वरून येतं: संडास-मोरीचं पाणी, कपड्यांची पावडर, गोठ्यांतलं शेण.

मे महिन्यात तळ्याला मिळणाऱ्या नाल्याच्या काठाने उलटं वर जा. पावसाळी नाला भर उन्हाळ्यात वाहतोय, म्हणजे बहुधा ते कुणाच्या तरी घरातलं पाणी आहे. आमच्याकडे कान्ह नदीला मिळणाऱ्या नाल्यावर मी चार दिवस हेच केलं. सकाळी सात ते नऊ धार बोटभर चढायची, वर फेस, साबणाचा वास. दुपारी तीनला नुसती ओल. माग काढत गेलो, तर पावसाच्या पाइपात सहा घरांच्या मोऱ्या जोडलेल्या. ड्रेनेजचं चेंबर चार पावलांवर होतं, पण बांधताना जवळचा पाइप गाठला होता. घरमालकांना ठाऊकच नव्हतं! दाखवल्यावर पाच जणांनी आपणहून लाइन बदलली.

2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यांत न सोडणारं शहर, ठरलं, त्यामागे नाल्यांत उघडणारी अशी तोंडं बंद करण्याचं मोठं काम होतं. पण घरं रोज नवी उठतात, तेव्हा लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. तोंड सापडलं की वेळेसह फोटो काढून महापालिकेच्या 311 तक्रार ॲपवर टाका.

उपसलेली जलपर्णी काठावर कुजू देऊ नका, सगळं पहिल्या पावसात परत आत जातं. काठची लव्हाळी मात्र राहू द्या, पाणपक्ष्यांना ती लागते.

तळं सुधारतंय का ते बघायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. रात्रभरात तो सगळ्यात खाली गेलेला असतो. दुपारचा आकडा शेवाळामुळे फुगतो. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आहे.

आणि तोंडं बंद केल्यावरही तळाच्या गाळातून फॉस्फरस काही वर्षं सुटत राहतो. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून काम सोडू नका. रविवारी पहाटे जाणार असाल तर कळवा, ऑक्सिजन मोजायचं किट घेऊन मी येतो.